पुढच्या ब्रेक डिस्क घरी बदलणे: हत्यारं, क्रम आणि कुठे फसतं?

नवापाना
गाडी होंडा सिटी, २०१५ ची, पेट्रोल. ताशी ८० च्या वर ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. ब्रेक न दाबता अजिबात नाही, त्यामुळे व्हील बॅलन्सिंगचा प्रश्न वाटत नाही. पॅड तसेही संपत आलेत, तेव्हा पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड एकदमच घरी बदलायचा विचार आहे. स्टेपनी बदलणं, ऑइल, एअर फिल्टर एवढी कामं येतात. ब्रेकला अजून हात लावलेला नाही.
हत्यारं काय लागतील, क्रम काय, आणि माणसं नेमकी कुठे अडकतात? ‘गॅरेजला द्या’ हा सल्ला माहीत आहे, तो सोडून बोला.

तिरकस_तात्या
गॅरेजला द्या.

ट्रॉलीजॅक
तात्या, आलातच का पहिल्या नंबरला!
नवापाना, काम अवघड नाही. डिस्क हबवर (चाक ज्याला जोडतात तो फिरणारा भाग) नुसती टेकलेली असते, तिला आवळून धरतात ते चाकाचे नटच. खरी मेहनत तीन ठिकाणी: गंजलेले बोल्ट, डिस्कचे दोन छोटे स्क्रू, आणि हबची सफाई.

आधी सुरक्षेचं. डिकीतला कात्री जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. २ टनी ट्रॉली जॅक आणि ३ टनी स्टँडची जोडी हवी. जमीन सपाट आणि पक्की, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. काढलेलं चाक पत्र्याच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक टेकू म्हणून कधीच नाही. ते वाकत नाहीत, एकदम फुटतात.

हत्यारं: चाकाला १९ चा सॉकेट, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बोल्टला १२, त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटला १७. कॅलिपर सरकतो ती गाइड पिन फिरू नये म्हणून धरायला १७ चा पातळ पाना. टॉर्क रेंच, सी क्लॅम्प, वायर ब्रश, ८० नंबरचा पॉलिश पेपर, बांधायची तार, ब्रेक क्लीनरचा डबा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. आणि हातोड्याने ठोकायचा इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर. हा विसरलात तर संध्याकाळी धाग्यावर परत याल.

क्रम असा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. मग उचला, स्टँड लावा, चाक काढा. स्टिअरिंग ज्या बाजूचं काम आहे त्या बाजूला वळवा, म्हणजे कॅलिपरमागचे बोल्ट समोर येतात. कॅलिपरचे दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर स्प्रिंगला तारेने टांगा. ब्रेकच्या नळीवर त्याचा भार पडता कामा नये, नळी बाहेरून धडधाकट दिसते आणि आतून फाटते. पॅड काढा. मग ब्रॅकेटचे १७ चे दोन बोल्ट. हे घट्ट असतात, लांब दांडा लागतो. मग स्क्रू, मग डिस्क.

उलट क्रमाने बसवताना या गाडीचे आकडे: कॅलिपरचे बोल्ट २३ न्यूटन मीटर, ब्रॅकेटचे १०८, चाकाचे नट १०८. डिस्कचे स्क्रू जेमतेम १० न्यूटन मीटर. कॅलिपरचे बोल्ट बारीक आहेत, तिथं ब्रॅकेटचा जोर लावला तर आटे जातात.

क्लचवायर
स्क्रूबद्दल थोडं सविस्तर, कारण निम्मी कामं तिथंच थांबतात. ६ मिमीचे, चपट्या डोक्याचे, चौफुली खाचेचे दोन स्क्रू आहेत. साधा स्क्रू ड्रायव्हर लावून पिळला की खाच गोल झालीच म्हणून समजा. नंबर ३ चा बिट घ्या, २ चा वरून बसल्यासारखा वाटतो पण आत डुगडुगतो. खाचेतला गंज टोचणीने पूर्ण काढा, भेदक तेल मारून पंधरा-वीस मिनिटं सोडा, बिट लावून त्यावर हातोड्याचे दोन सरळ ठोके द्या आणि मगच इम्पॅक्ट ड्रायव्हर ‘सैल’ दिशेला लावून ठोका. ठोक्याने आटे हलतात.
खाच गेलीच तर ८ मिमीच्या ड्रिलने फक्त डोकं उडवा. डिस्क निघाली की उरलेला तुकडा बाहेर डोकावतो, तो पकडीने फिरवून काढायचा. हबमध्ये खोल ड्रिल घालू नका.

तिरकस_तात्या
आणि ते स्क्रू परत बसवले नाहीत तर? गाडी हलकी होईल, मायलेज वाढेल.

ट्रॉलीजॅक
गाडी चालेल. कारखान्यात जोडणी करताना डिस्क पडू नये एवढंच त्यांचं काम.

क्लचवायर
अर्धं खरं, ट्रॉलीजॅक. चाक लावलेलं असताना फरक नाही, मान्य. पण पुढच्या वेळी पंक्चरला चाक काढलं की सुटी डिस्क थोडी कलते, आतल्या गंजाचा एखादा पापुद्रा डिस्क आणि हबच्या मध्ये पडतो, आणि नट आवळले की तो तिथंच दाबला जातो. पंक्चरवाला ते बघत नाही. मग हीच थरथर परत. नवे स्क्रू घ्या, आट्यांना किंचित अँटीसीझ (गंजून जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावा आणि बसवा.

खारंवारं
रत्नागिरी-मालवणकडच्या गाड्यांत स्क्रू निघाले तरी डिस्क निघत नाही. खाऱ्या हवेत हबच्या मधल्या उंचवट्याला ती गंजून चिकटते. सरळ हातोडा घ्यायच्या आधी डिस्कच्या टोपीवर (मधला फुगीर भाग) बघा, आट्यांची दोन रिकामी भोकं असतात. त्यात ८ मिमी जाडीचे, १.२५ आट्यांचे बोल्ट घालायचे आणि आळीपाळीने, एका वेळी पाव फेरा आवळायचे. एकच बोल्ट आवळत सुटलात तर डिस्क तिरकी होऊन आणखी जाम होते. हे बोल्ट कोपऱ्यावरच्या नटबोल्टच्या दुकानात मिळतात.
हातोडा मारायचाच तर टोपीवर, फिरवत फिरवत, आणि डिस्क भंगारातच जाणार असेल तरच. काठावर आडवे घाव घातले की ते बेअरिंगला बसतात.

मिशिगनमराठी
खारंवारं, इथं समुद्र नाही, पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तुमचा कोकण आम्हाला डिसेंबर ते मार्च घरपोच मिळतो. इथं मजुरी महाग, म्हणून हे काम घरोघरी चालतं. पार्टच्या दुकानातून मोठी हत्यारं अनामत ठेवून नेता येतात, परत दिली की पैसे परत. पुण्या-मुंबईत अशी सोय कुठे आहे का?

सोसायटीचा_पाईक
पुण्यात आधी पार्किंगमध्ये जॅक लावू देतील का ते बघा. आमच्याकडे नियमच आहे, ‘पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये’. वॉचमन विचारायला आला तर चाक बदलतोय म्हणून सांगायचं. खोटं नाही, चाक निघालेलंच असतं.

मंदगती
खाली जाड पुठ्ठा अंथरा. ब्रेक ऑइल फरशीवर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, पाण्यात विरघळतं. गाडीच्या रंगावर पडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, रंग खातं ते. आणि ब्रेकची काळी पूड फुंकर मारून किंवा हवेने उडवायची नाही. क्लीनरने ओली करून पुसायची.

मायक्रोमीटर
सगळं छान चाललंय, पण डिस्क बदलायलाच हव्यात हे कुणी ठरवलं? नवापाना, आधी मोजा.

पहिलं: थरथर पुढची की मागची? मागे ड्रम आहेत. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी ४० ला हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. सीटखाली धडधड आली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही. काहीच आलं नाही तर पुढे बघा.

दुसरं: जाडी. डिस्कच्या टोपीवर किंवा काठावर ‘मिन टीएच’ (किमान जाडी) असं ओतलेलं असतं आणि पुढे मिलिमीटरचा आकडा. तुमच्याकडे नवी २१, किमान १९ असं सापडेल, पण डिस्कवर जे लिहिलंय तेच खरं. व्हर्नियर थेट लावला तर काठाची न झिजलेली कड मध्ये येते आणि जाडी फुगलेली दिसते. दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा.

तिसरं आणि खरं महत्त्वाचं: जाडीतला फरक. मायक्रोमीटरने, काठापासून १० मिमी आत, ४५-४५ अंशांवर आठ ठिकाणी मोजायचं. सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ यांत ०.०१५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. केसाची जाडी याच्या तीन-चार पट असते, म्हणजे डोळ्याला काही दिसणार नाही. ‘डिस्क वाकली’ असं सगळे म्हणतात, पण थंड झाल्यावर मोजली तर ती क्वचितच वाकलेली सापडते. ती जागोजागी कमीजास्त जाडीची झालेली असते.

घाटवाट
पण खंबाटकी उतरून पाण्याच्या डबक्यात गाडी गेली की डिस्क वाकते, हे तर सगळेच सांगतात?

मायक्रोमीटर
एकदम गार झाल्याने तडे जाऊ शकतात, पण नेहमीची थरथर वेगळ्या वाटेने येते. घाट उतरून पॅड तापलेले असताना गाडी पूर्ण थांबवली आणि ब्रेकवर पाय तसाच ठेवला, तर पॅडचा माल डिस्कवर त्या एका जागी चिकटतो. तिथं पकड वेगळी, झीज वेगळी. म्हणून उतारावर तिसरा-दुसरा गिअर, आणि तापलेल्या ब्रेकवर सिग्नलला थांबलात तर सपाटीवर हँडब्रेक.

दुसरी वाट हबमधून जाते. डिस्क हबवर एकसारखी बसली नाही तर फिरताना डगमगते. ब्रेक न दाबतादेखील दर फेऱ्याला तिचा उंच भाग पॅडला हलका घासतो आणि तेवढाच झिजतो. काही हजार किलोमीटरनंतर तिथं जाडी कमी होते आणि थरथर सुरू. म्हणूनच ‘नवी डिस्क टाकली, तीन महिन्यांत परत तेच’ ही तक्रार येते, आणि शिव्या डिस्कच्या कंपनीला बसतात.

गणित सोपं आहे. हबचा चेहरा १४० मिमी व्यासाचा धरा. एका कडेला फक्त ०.०५ मिमी गंज राहिला, तर पॅड घासतो त्या साधारण २३० मिमी व्यासावर डगमग होते ०.०८ मिमी. एवढ्याने काम बिघडतं.

ट्रॉलीजॅक
+१. या हबपायीच वर ८० नंबरचा पेपर लिहिला होता. आधी वायर ब्रश, मग पेपर, चकचकीत धातू दिसेपर्यंत. चाकाच्या बोल्टांच्या मुळाशी गंजाचं गोल कडं राहतं, ब्रश तिथं पोचत नाही, पेपर बोटाला गुंडाळून काढा. धातू खरवडू नका, फक्त गंज. लोखंडी कण एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सरकडे जाऊ नयेत म्हणून मागे फडकं धरा.

मंदगती
हबच्या चेहऱ्यावर ग्रीस लावायचं की नाही?

ट्रॉलीजॅक
ग्रीस नाही. मधल्या उंचवट्याच्या कडेला अँटीसीझचा पुसटसा हात, बस्स. चेहरा कोरडा.

खारंवारं
कोकणात चेहऱ्यावरही पुसट हात लावतात, नाहीतर पुढच्या वेळी डिस्क निघत नाही. पातळ म्हणजे धातूचा रंग खालून दिसला पाहिजे इतका पातळ. थर जाड झाला की मायक्रोमीटरसाहेबांचं गणित लागू, गंजाऐवजी अँटीसीझचं.

आठनंबर
एक गोष्ट कुणी लिहिली नाही. नव्या जाड पॅडला जागा व्हावी म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागे दाबताना त्याचा ब्लीडर (ऑइल-हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून जुनं ऑइल बाहेर सोडायचं. नाहीतर पिस्टनजवळची सगळी घाण उलटी एबीएस युनिटमध्ये जाते. युनिटची किंमत बघून ठेवा एकदा.

ट्रॉलीजॅक
असहमत. होंडाच्या क्रमात पिस्टन दाबताना ब्लीडर उघडायला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा ब्रेक करणाऱ्याने ब्लीडर उघडला आणि वेळेवर बंद केला नाही तर हवा आत. शिवाय गंजलेला ब्लीडर मोडतो, मग कॅलिपरच नवा. सी क्लॅम्पने, जुना पॅड मध्ये ठेवून, सावकाश दाबा. ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल ठेवा आणि पातळीवर लक्ष ठेवा, दोन्ही बाजूंचे पिस्टन मागे गेले की वर येते. काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढून घ्या.

आठनंबर
ऑइल दर दोन-तीन वर्षांनी बदललेलं असेल तर तुमचं खरं. पण किती लोक बदलतात? हवेतली ओल शोषून घेतं ते. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरल्यावर ती हद्द १५५ वर येते. काळपट झालं असेल तर ब्लीडर उघडाच, आणि काम झाल्यावर पूर्ण सिस्टिमचं ऑइल बदला. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतं. डॉट ५ नाही, ते सिलिकॉनचं असतं. ५.१ वेगळं, ते चालतं.

क्लचवायर
दोघांचंही ठीक आहे. ऑइल स्वच्छ असेल तर ब्लीडरला हात नको, घाण असेल तर कसं ना कसं बदलायचंच आहे. नवापाना, तुम्ही आधी टाकीत डोकावून रंग बघा.
त्याहून जास्त लोक गाइड पिनवर चुकतात. जुने पॅड काढले की आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवा. एक दुसऱ्यापेक्षा फार झिजला असेल तर पिन जाम आहे किंवा पिस्टन नीट परतत नाही. डिस्क नवी टाकून हे बरं होत नाही. पिन बाहेर काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं-लाल ग्रीस चालत नाही, खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगतात आणि पिन आणखी जाम होते. वरची पिन आणि खालची पिन कधी कधी वेगळ्या असतात, एकीवर रबरी बुश असतो. अदलाबदल करू नका. ब्रॅकेटमधल्या पॅडच्या पट्ट्या नव्या घाला आणि त्यांच्याखालचा गंजही काढा.

तिरकस_तात्या
नव्या डिस्कला तेलाचा हात असतो म्हणे. तेवढंच वंगण होईल ब्रेकला.

मंदगती
तात्यांचं ऐकून थेट भिंतीत जाल. गंज धरू नये म्हणून लावलेलं तेल असतं ते. ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजू आणि टोपीची आतली बाजू पुसा. क्लीनर नसेल तर गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, मग लगेच कोरडी करा. रॉकेल नाही, त्याची तेलकट साय राहते. पेट्रोलही नको, पार्किंगमध्ये तर मुळीच नको. धुतल्यावर घासायच्या भागाला बोटं लावायची नाहीत.

घाटवाट
भोकं पाडलेल्या डिस्क मिळतात, त्या टाकल्या तर घाटात बऱ्या पडतील ना?

क्लचवायर
नको. रोजच्या गाडीला फायदा नाही, आणि भोकांच्या कडेने तडे जातात. आत हवेच्या खाचा असलेली साधी डिस्क पुरे.

ट्रॉलीजॅक
सगळं बसवून झालं की गाडी हलवायच्या आधी ब्रेक पेडल दाबत राहा, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे ढकललेले आहेत, पहिले तीन-चार दाब पेडल तळाला जातं. हे विसरून गाडी बाहेर काढणारे समोरच्या खांबाला भेटतात. आणि एका बाजूचा कॅलिपर टांगलेला असताना दुसरी बाजू बघायला पेडल दाबू नका, पिस्टन बाहेर उडी मारतो.
चाक लावण्याआधी नळीला पीळ बसलेला नाही ना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून बघा. पॅड संपत आला की किरकिरणारा पत्रा कुठल्या पॅडला होता ते काढतानाच मोबाइलवर टिपून ठेवा.

आठनंबर
आणि नवे पॅड-डिस्क एकमेकांना घासून बसवून घ्यायला पहाटेचा मोकळा रस्ता. ताशी ६० वरून १५-२० पर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा. दोन खेपांमध्ये अर्धा मिनिट गाडी चालू ठेवून गार होऊ द्या. ५०-८० किलोमीटरनंतर चाकाचे नट परत टॉर्क रेंचने तपासा.

नवापाना
सगळ्यांचे आभार. मागच्या ड्रमची चाचणी केली, धडधड नाही. मायक्रोमीटर उसना मिळाला. डावी डिस्क: सर्वांत जाड २०.३४, सर्वांत पातळ २०.३१. उजवी: २०.३३ आणि २०.३२. डिस्कवर किमान १९ लिहिलंय. ऑइल मधासारखं, काळं नाही.

मायक्रोमीटर
म्हणजे डाव्या बाजूला फरक ०.०३, मर्यादेच्या दुप्पट. दोष डावीकडे सापडला. पण जाडी भरपूर शिल्लक आहे. लेथवर कापून सपाट करताना दोन्ही बाजूंनी ०.१५ घेतली तरी २०.०१ उरते. काटेकोर बोलायचं तर डिस्क बदलायची गरजच नाही.

तिरकस_तात्या
बघा! गॅरेजला द्या.

ट्रॉलीजॅक
गाडीवरच बसवून कापणारं लेथ जवळ असेल तर खुशाल कापा. होंडाही तेच सुचवते, कारण डिस्क हबसकट फिरते आणि हबची डगमगही धरली जाते. साध्या लेथवर डिस्क जराशी तिरकी धरली गेली तर आणलीत त्याहून वाईट घेऊन जाल.

मायक्रोमीटर
आणि तसं लेथ नसेल तर नव्या डिस्क घ्या, दोन्ही बाजूंना. एक नवी एक जुनी नको. नव्या बसवल्यावर चारही नटांखाली सपाट वायसर घालून त्या आवळा आणि चुंबकाच्या स्टँडचा डायल गेज लावून डगमग मोजा. ०.०५ च्या आत आली तर निश्चिंत. जास्त आली तर डिस्क काढून हबवर दुसऱ्या जागी बसवून बघा. स्क्रूची भोकं जुळतील तेवढ्याच जागा मिळतात.

नवापाना
गाडीवर कापणारं लेथ इथं दोन ठिकाणी विचारलं, नाही. नव्या डिस्क, पॅड, पट्ट्या आणि चार स्क्रू मागवले. जुन्या डिस्कचं काय करायचं?

खारंवारं
भंगारवाल्याला. बिडाच्या भावात जातील, तराजू आधी बघून घ्या.

मंदगती
आणि पॅड नवे बसले की टाकीतलं ऑइल आपोआप वर आलेलं असेल. कमी दिसत होतं म्हणून आधी भरून ठेवू नका.